दादांच्या पायाची परीक्षा

ती. दादा,

तुमच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (त्यातला उजवा तिकडे तुमच्यापाशी आहे आणि डावा या क्षणी माझ्या मांडीवर, त्यामुळे अर्धा नमस्कार मी इथेच उरकला. शेजारच्या बाई उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.) आईचा खोकला उतरला असेल, वहिनींचे गुडघे फार कुरकुरत नसतील आणि तुमची प्रकृती हे पत्र संपेपर्यंत तरी ठीक राहील, अशी आशा करतो. मी धडधाकट आहे. माझ्याबद्दल चांगलं म्हणावं असं तेवढंच.

विमानतळावर बसून लिहितो आहे. टपालात टाकलं तर पत्र माझ्यामागून पोचेल, म्हणून मीच हातात देईन. समोर उभं राहून जे बोलवणार नाही ते लिहून आणावं, एवढीच यामागची हुशारी.

आज इथला शेवटचा दिवस. सकाळी परीक्षा, दुपारी खोली रिकामी करायची, संध्याकाळी विमान, असा साधा बेत होता. इस्पितळात कुबड्यांना रबर बसवणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या माणसाने कृत्रिम पाय करायची विद्या शिकायला परदेशी जावं, हे मुळातच जरा अति झालं. वर्गातली मुलं मला आजोबा म्हणतात, आणि त्यांच्या सख्ख्या आजोबांना माझ्यापेक्षा जास्त समजतं हे त्यांनी लवकरच ओळखलं. तरी परीक्षेचा पाय मी जीव ओतून केला. येताना तुमच्या गुडघ्याखालचा प्लास्टरचा साचा घेऊन आलो होतो, त्यावरच केला. पोटरी घासताना तोंडाने नामस्मरण चालू असे. (यंत्राच्या घरघरीत ते देवाला ऐकू गेलं नसावं, हे आता लक्षात येतं.)

मी निघालो तेव्हा तुम्ही एकच मागितलं होतंत, देवापुढे उभं राहून दोन्ही हात जोडता यावेत. कुबड्या धरल्या की हात अडकतात आणि सोडल्या की तुम्ही पडता, त्यामुळे इतकी वर्षं तुमचा नमस्कार नुसत्या मानेवर भागला. बुटाच्या टाचेचा हिशेब धरून पाऊल बसवायचं असतं हे इथे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. तो नियम बूट घालणाऱ्यांसाठी असावा, असं मी धरून चाललो. तुम्ही देवघरात उभे राहणार, म्हणजे अनवाणी. मी टाच अगदी जमिनीसरशी टेकवली आणि स्वतःवर खूश झालो.

परीक्षेला आमच्या शिक्षिका आल्या. (वयाने आपल्या थोरल्या भाचीएवढ्या, पण मी त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणतो.) त्यांनी पाय फिरवून पाहिला, मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी कपाटातून एक बूट काढला, पावलात चढवला आणि पाय टेबलावर उभा केला. तेव्हा माझा जीव भांड्यासकट खाली आला. टाच उचलली गेली आणि तुमचा पाय असा पुढे झुकला, की त्याला बाईंच्याच पाया पडायचं असावं.

"पाय चांगला आहे," बाई म्हणाल्या. "माणूस पडेल."

त्यांच्या भाषेत जमेल तितकं सांगितलं, की माझे भाऊ देवापुढे बूट घालत नाहीत.

"आणि रस्त्यावर?"

"रस्त्यावर ते जात नाहीत. अपघात झाल्यापासून घराबाहेर पडलेच नाहीत."

"मग पाय कशाला हवाय त्यांना?"

त्या रागाने बोलल्या नाहीत, म्हणूनच ते जास्त लागलं. दुपारपर्यंत बुटासकट बसवून आणा, नाहीतर मला सही करता येणार नाही, एवढं सांगून त्या पुढच्या मुलाकडे वळल्या.

मी जिन्यात जाऊन बसलो. सही गेली खड्ड्यात, दादांचा पाय आहे तसाच न्यावा, असं मनात आलं. मग आलं, की सहीशिवाय गेलो तर आपलं इस्पितळ मला पुन्हा कुबड्यांना रबर बसवायला लावील, आणि बाहेर बाकावर बसून राहिलेल्या सगळ्यांचे पाय कोण करील? हा विचार इतका उदात्त होता, की मला त्याचा संशय आला. उलटून पाहिला तर खाली नापास होऊन घरी यायची लाज निघाली. मी उठलो आणि घोट्याला करवत लावली.

वर्कशॉपमध्ये इतरांच्या परीक्षा चालल्या होत्या, म्हणून पाय खोलीवर आणला. माझाच डावा बूट त्याला घातला (आपलं माप एकच आहे), नव्या हिशेबाने पाऊल चिकटवलं, आणि गोंदाला ऊब लागते म्हणून पलंगावर निजवून, गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवून, वर कांबळं घातलं. एवढ्यात किल्ली घ्यायला घरमालकीण आली. कांबळ्याबाहेर बूट दिसत होता.

"खोली मी एका माणसाला दिली होती," ती म्हणाली. "आणि गादीवर बूट? उठवा त्यांना."

"त्यांना उठता येणार नाही."

"प्यायलेत का?"

"नाही. अजून चिकटले नाहीत."

तिने कांबळं उचललं. "बाकीचे कुठे आहेत?"

"घरी," मी म्हणालो. "वाट बघतायत."

ती पिशवी घेऊन गेली आणि पुन्हा गरम पाण्याने भरून घेऊन आली.

दुपारी बाईंनी ओळंबा धरला. पाय खांबासारखा उभा. त्यांनी सही केली. मी उत्तीर्ण झालो, दादा, आणि सकाळी नापास होताना वाटलं नव्हतं इतकं वाईट आत्ता वाटतं आहे. हा पाय घेऊन तुम्ही अनवाणी देवापुढे उभे राहिलात तर मागच्या मागे वहिनींच्या अंगावर जाल. बूट घालून मात्र बाजार, बँक, स्टेशन, कुठेही जाल, जिथे जायचं होतं तेवढी एक जागा सोडून. आणि पुन्हा कापायला घोटा उरलेला नाही. रस्त्याला न लागलेला कोरा बूट देवघरात चालेल का, असं मी देवाला विचारून पाहिलं. तो काही बोलला नाही, तो मी होकार समजलो. वहिनी काही बोलल्या नाहीत तर तसं समजायची माझी हिंमत नाही.

आईला दंडवत. मी पास झालो एवढंच तिला सांगा.

तुमचा धाकटा
(पायात सपाता घालून परतणारा)

ता. क. विमानाला उशीर आहे, म्हणून बसल्या बसल्या सुचलं. देवघरात टाचेखाली एक चपटी फळी सरकवली की अनवाणीही सरळ उभं राहता येईल. सुताराला सांगायचीही गरज नाही, मीच तासून देईन. तेव्हा वरचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल.

आणखी एक. फळीने देवाचं काम झालं, पण पाय कशाला हवाय हा बाईंचा प्रश्न तसाच राहिला. त्याचं उत्तर मी देण्यासारखं नाही. घरात तुमचा सराव झाला, की एका सकाळी मी न सांगता उठून कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसेन. तुम्ही बूट घालून या. मी तोंड रस्त्याकडे करूनच बसेन, पण तुम्ही अडखळलात तरी उठून पुढे यायचं नाही, असं बाईंनी आम्हाला बजावलं आहे. म्हणून म्हणतो, वाटेत फार वेळ लावू नका. मला तेवढा वेळ बसवणार नाही.