ब्रीदवाक्य कापायचं कसं?

आदरणीय व्याहीबुवांस,

साष्टांग लिहिणार होतो, पण कंबर धरली आहे, तेव्हा हा नमस्कार उभ्याउभ्याच समजून घ्यावा. विहीणबाईंची तब्येत कशी आहे? आणि तुमचा खोकला? (मागच्या पत्रात खोकल्याचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे माझी झोप उडाली. बरा झाला असेल तर तसं कळवत जावं.) आमच्याकडे सगळे खुशाल. चिरंजीव मालाची गाडी घेऊन गेले आहेत, आज-उद्या येतील. आपलं ठरलं ते माझ्या लक्षात आहे: महिनाअखेर बेकरी बंद, भट्टी मोडायची आणि सूनबाईने तुमच्या गावी विमा कचेरीत नोकरीवर रुजू व्हायचं. त्या जागेसाठी तुम्ही किती जणांपुढे शब्द टाकलात तेही ठाऊक आहे. हो, मीच म्हणालो होतो. पावाला गिऱ्हाईक उरलं नाही, तुमच्या लेकीने माझ्यापायी भट्टीपुढे का भाजून घ्यावं? पण मधेच एक भानगड झाली. ती दुसऱ्या कुणाकडून कानावर जाण्याआधी माझ्याकडून जावी, म्हणून हा कागद.

झालं असं की राज्याचा स्थापना दिवस आला आणि समोरच्या सरकारी कचेरीने केक सांगितला. मी जन्मभर पाव भाजला, केक हे खातं सूनबाईचं. तिथल्या हेडक्लार्कना सगळी कचेरी मागून ‘नियमकाका’ म्हणते. ते एक कागद घेऊन आले. केकवर राज्याचं ब्रीदवाक्य हवं म्हणे. वाक्य जुन्या भाषेत, लिपीही जुनी, अक्षरं बघाल तर ओल्या भिंतीवरून गोगलगाय गेल्यासारखी. मी अर्थ विचारला. “अर्थाशी तुम्हाला काय करायचंय? दिसतंय तसं उतरवा,” असं म्हणून ते गेले. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या चौथी नापास माणसाला चैन कशी पडावी? एखादा फराटा उलटा पडला आणि ती शिवी निघाली तर? मी न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, “आधी आला त्याचं काम आधी, असा काहीतरी अर्थ आहे.” औषधवाला म्हणाला, दीर्घायुषी व्हा. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, सगळं वेळेवर पोचेल. (हे मात्र त्यांनी जरा चाचरतच सांगितलं.) वाक्य प्रत्येक नाण्यावर आहे, प्रत्येक शिक्क्यात आहे, माझ्या जन्मदाखल्यावरही आहे, पण वाचणारा एक सापडेल तर शपथ.

समारंभाला कचेरी गच्च भरली होती. केक टेबलावर, मी खांबाआड. मोठे साहेब भाषणाला उठले. “आपल्या ब्रीदवाक्याचा अर्थ आज फार थोड्यांना माहीत आहे,” असं म्हणाले. (त्यांनाही सकाळीच कुणीतरी चिठ्ठीवर लिहून दिला असावा, कारण चिठ्ठी पालथी झाली तेव्हा ते थांबले.) मग आवाज चढवून म्हणाले, “त्याचा अर्थ, आम्ही अखंड आहोत! आमचे तुकडे कुणीही करू शकणार नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्याच कडकडाटात नियमकाकांनी साहेबांच्या हातात सुरी दिली.

टाळ्या अर्ध्यावरच विरल्या. वर्तमानपत्राचा फोटोवाला तेवढा उत्साहात होता. “साहेब, सुरी जरा अक्षरांवर टेकवा, झकास येतंय!” साहेबांनी हात असा मागे घेतला की जणू केक चावणार होता. नियमकाका कुजबुजले, “साहेब, स्थापनादिनी राज्याचे तुकडे? तेही फोटोसकट?” कुणी म्हणालं, कडेकडेने कापा. “म्हणजे सीमाभाग तोडायचा?” दुसऱ्याने विचारलं. तिसरा म्हणाला, मग एकानेच आख्खा खाऊन टाकावा. सगळे साहेबांकडे बघायला लागले आणि साहेबांना तर साखरेचा आजार. नियमकाका नियमांचं पुस्तक घेऊन आले. त्यात झेंड्याची घडी कशी घालावी ते होतं, ब्रीदवाक्य खावं की नाही ते नव्हतं. इकडे मी मनातल्या मनात तुरुंगात जाऊनही बसलो होतो आणि तिथे पथ्याचं मिळेल का, या काळजीत होतो.

तेवढ्यात तुमची लेक पुढे झाली. “साहेब, हात काढा,” असं चक्क साहेबांना म्हणाली. तिने पातळ उलथनं वाक्याखाली सरकवलं आणि आख्खंच्या आख्खं वाक्य उचलून ताटात ठेवलं! मलाही तेव्हाच कळलं. त्या लिपीची खात्री नव्हती म्हणून तिने अक्षरं साखरेच्या वेगळ्या पाटीवर काढली होती. चुकलं तर पाटी बदलू, केक वाया जायला नको, हा हिशेब. “आता कापा,” ती म्हणाली. “राज्य ताटात आहे, इथे नुसता केक आहे.” आधी साहेब हसले, मग नियमानुसार बाकीचे.

ती पाटी आता कचेरीत काचेच्या कपाटात आहे. मुंग्यांपासून राज्याचं रक्षण करायला फडकं घेऊन एक शिपाई बसतो. आणि आता प्रत्येक खात्याला आपापल्या ब्रीदवाक्याचा केक हवा आहे. पाणीखात्याचं वाक्य ‘अविरत’. त्यांचा माणूस ऑर्डर देऊन जाताना आमच्या नळावर कळशी भरून घेऊन गेला. पोलिसांचं ‘सदैव जागे’. त्यांचे हवालदार भट्टीजवळच्या बाकावर ऊब लागून घोरले, त्यांना चहा देऊन उठवावं लागलं. सूनबाई सकाळी पीठ मळताना गाणं म्हणते. (आवाज तुमच्यावर गेला आहे, पण ऐकवतो.) मी मात्र सगळ्यांना बजावलं आहे, जे काही ते महिनाअखेरपर्यंतच. दिलेला शब्द मी मोडायचा नाही.

आपला,
कंबर धरलेला व्याही

ता. क. : वरचं सगळं गंमत म्हणून कळवलं. त्यातून काही अर्थ काढू नये. मी लिहिल्याचं सूनबाईलाही सांगू नये, ती रागावेल.

ता. क. : विमा कचेरीतली ती जागा दुसऱ्या कुणा गरजू मुलीला देता येण्यासारखी आहे का? सहजच विचारतो.

ता. क. : पाकीट चिकटवायला सूनबाईकडे डिंक मागितला, तर तिने पत्रच वाचून काढलं. म्हणाली, “बाबा, एवढी पानं भरलीत आणि मुद्द्याला घाबरलात? मी तरी काय, माझ्या अप्पांना दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा फाडलं. शेवटी म्हटलं, तुमच्या गळ्यात मारावं.” तेव्हा व्याहीबुवा, खरं ते असं, की ती येत नाही, भट्टी मोडत नाही आणि आम्ही दोघंही तुम्हाला टरकून आहोत. रागवायचं असेल तर इथे येऊन, समोर बसून रागवावं. येताना विहीणबाईंना जरूर आणावं. त्या शेजारी असल्या की तुम्ही पुष्कळ कमी रागावता, असं तुमची लेक म्हणते.