जुंपणीच्या टोकाची लेन्स

रविवार, संध्याकाळ

कॅमेरा ठरला, डीएसएलआरच. अडलं लेन्सपाशी. दुकानात दादा हट्टालाच पेटला. "लांबची घे. बैलगाडा शर्यतीच्या घाटात वर, शेवटच्या निशाणापाशी उभं राहायचं, बैलांची तोंडं फोटूभर येत्यात. समदे तीच वापरत्यात."

समदे वापरतात, म्हणूनच आमच्या बैलांचे एवढे फ्लेक्स लागले आणि एकातही माझे वडील, अण्णा नाहीत. अण्णा असतात घाटाच्या खालच्या टोकाला, बैल जुंपतात तिथं. वेसण मुठीत, तोंड बैलाच्या कानाशी. काय सांगतात कोण जाणे! गाडा सुटला की बैल वर, अण्णा खाली धुरळ्यात.

मी छोटी लेन्स घेतली. झूम नाही. चुकले का? छे. वेसणीवरच्या त्या मुठीला एवढी पुरे.

घरी अण्णांनी ती उलटसुलट करून पाहिली. "एवढीशी? लांबून काय दिसनार हिच्यातनं?"

"लांबून काढायचंच नाही. मी तुमच्याशेजारी उभी राहणार."

"तिथं पोरी नाय येत."

मी लेन्स कॅमेऱ्यावर चढवली. अण्णा गोठ्यात वैरण टाकायला गेले. थोड्या वेळानं तिथूनच आवाज आला, "डाव्या बैलाकडनं उभी ऱ्हा. उजवा मारका हाय."