आडव्या बाटलीचं मत

सोमवार, संध्याकाळ

गावातलं दारूचं दुकान आज बायांनी मत देऊन बंद पाडलं. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद. आडवी जिंकली. आणि मी? विधानसभेच्या मतांवरून पीएचडीच्या प्रबंधात आमच्या गावाला ‘बदल नको’वालं ठरवून मोकळा.

पण ती मतं कोणाची होती? आई दरवेळी बाबा सांगतील तेच बटण दाबते. आजही ते म्हणाले, "उभीवरच मार शिक्का." ती टोपलं उचलून निघाली. मानोऱ्याच्या बाजारातून आली, भाजीचं टोपलं उतरवलं, सरळ केंद्रावर गेली.

प्रबंधातल्या नकाशात गावाला दिलेला रंग खोडला. कोणता भरू, सुचत नाही.

आत्ता भाकरी थापता थापता, बाबांसमोरच, आई विचारते, "असं आडव्या बाटलीसारखं मत पुन्हा कवा असते रे?"