पार्वतीचा फोटो

पांडेसरा, सुरत
९ फेब्रुवारी १९९८

प्रिय वाल्मिक,

प्रभूमध्ये सलाम. अडीच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय ते मनापासून असं समजू नकोस. तू नाशिकला एका वसतिगृहात मुलांवर देखरेख करतोस, एवढं हिलालकडून कळलं. बाहेरच्या संस्थेने तुझा पगार थांबवला आणि गेल्या दिवाळीत तू सभागृहाला कुलूप लावून निघालास, तेही त्यानेच सांगितलं. जाताना माझ्या दारावरूनच गेला असशील. थांबला नाहीस.

बमरोलीच्या माझ्या खोलीत अठ्ठ्याऐंशी साली आम्ही पाच जण बसायचो: मी, तुझी काकू पार्वती, हिलाल, त्याची बायको छाया आणि तिची आई. हिलाल आणि मी एकाच डाइंग मिलमध्ये कापड रंगवायला. पहिली पाळी सुटली की रंगाचे हात घासून रविवारी पाच वाजता उपासना. माझ्या वडिलांच्या गावी मिशनचे साहेब परत गेले आणि वर्षभरात चर्च बंद पडलं, हे मी लहानपणी पाहिलं होतं. चांगली भक्तिमान माणसं, पण दिवाबत्तीचं तेलसुद्धा साहेबाने द्यायचं अशी सवय लागलेली. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवलं की आपली मंडळी आपण चालवू, आपला पाळक आपण पोसू, बाहेरून काही घ्यायचं नाही. बायका रोज चूल पेटवताना एक मूठ तांदूळ वेगळा काढायच्या आणि रविवारी आणायच्या. ती मूठ कुणाला जड झाली नाही.

तू आलास तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास, लूमवर कामाला, धड वाचता येत नव्हतं. लूकच्या शुभवर्तमानावर बोट ठेवून तुला अक्षरं मी शिकवली. तुझ्यात आग होती, हे मी आजही नाकारत नाही. पाळी संपवून तू भेस्तानला चालत जायचास, एकेका घरी बसायचास, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचास. तिथली मंडळी तू उभी केलीस. म्हणून तर तुला तीन वर्षं शास्त्र शिकायला पाठवलं, त्याच तांदळावर. छायाने नवं लुगडं घेतलं नाही त्या तीन वर्षांत. हे तिने तुला कधी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

चौऱ्याण्णवच्या प्लेगमध्ये सगळे गावी पळाले आणि दोन महिन्यांनी परतले, तेव्हा तूही शिकून परत आलास. पहिल्याच रविवारी उभा राहून म्हणालास, आता तांदूळ आणू नका, संस्था माझा पगार देणार आहे, सभागृहही बांधणार आहे. बाहेर आल्यावर मी तुला अडवलं, तर म्हणालास, "काका, गरिबी मिरवायची नसते."

तेही मी गिळलं असतं. पण पंच्याण्णवच्या पावसाळ्यात तुझ्या संस्थेचं इंग्रजी पत्रक हाती आलं. त्यावर पार्वतीचा फोटो. चुलीपुढे बसलेली, मुठीत तांदूळ. मंडळीसाठी मूठ काढताना तूच काढला होतास तो, आणि ती पदर सावरून किती हौसेने बसली होती. आमच्या ऑफिसातल्या कारकुनाने खालची ओळ वाचून अर्थ सांगितला: ही बाई दिवसाला एवढ्याच तांदळावर जगते. पार्वतीने मला विचारलं, मी भिकारीण दिसते का? मी तुझ्याकडे आलो, तर तू मानसुद्धा खाली घातली नाहीस. दान देणाऱ्यांना असंच लिहावं लागतं, म्हणालास. देणारी बाई होती ती, वाल्मिक. तुला पोसणारी. तिला तू मागणारी करून टाकलंस.

त्या रविवारी मी बाहेर पडलो. सात माणसं माझ्यासोबत आली, बाकी सगळी पंख्याखाली बसायला तुझ्याकडे गेली. तुझं सभागृह बंद झाल्यावर तीच एकेक करून खोलीच्या दाराशी आली. मी त्यांना घालून पाडून बोललो. पंख्याची सवय आहे तुम्हाला, इथे उकडेल, म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि बसली. भेस्तानची माणसंही येऊ लागली. आता खोली पुरत नाही, पटांगणात बसतो.

काल उपासनेनंतर सभा झाली. रंगाच्या वाफेने माझी छाती गेली आहे, दहा मिनिटं बोललो की धाप लागते, दोन्ही ठिकाणची मंडळी मला झेपत नाही. हिलालने तुझं नाव काढलं. मी विरोध केला, अर्धा तास केला. मग हात वर करायला सांगितले. पहिला हात पार्वतीचा होता. तेव्हा मी अट घातली, वचन सांगण्याआधी त्याने सर्वांसमोर हिची माफी मागावी. ती अट तिनेच मोडून काढली. "पोऱ्या शे तो, चुकना," एवढंच आपल्या गावच्या बोलीत म्हणाली आणि चटया गोळा करायला उठली. माझा एकट्याचा हात खाली राहिला. आणि मंडळीचा वडील म्हणून बोलावणं लिहायचं काम माझ्याकडेच आलं. तर लिहितो: बमरोली आणि भेस्तानची मंडळी तुला पाळक म्हणून बोलावते आहे. भेस्तानात खोली पाहिली आहे. पगार ठरलेला नाही, मंडळी जे खाते ते तू खाशील. येणार असलास किंवा नसलास तरी उत्तर मंडळीच्या नावाने पाठव, माझ्या नावाने नको.

मंडळीच्या सांगण्यावरून तुझाच,
सखारामकाका