आतून न उघडणारं कुलूप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा कुलूप-किल्ली दुरुस्ती, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, भर दुपारी, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, असं डॉक्टरांनी तपासून लेखी दिलं आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, आणि लाडीगोडीही कोणी लावलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. मी शिक्षा भोगलेली बाई आहे. माझ्यामागे कोणीतरी ही गोष्ट उकरून काढणारच, म्हणून मीच आधी लिहिते. गुन्हा घरफोडी आणि चोरी, शिक्षा अकरा महिने सक्तमजुरी. निकालाची नक्कल कपाटाच्या वरच्या खणात आहे. घडलं ते असं.

तेहतीस वर्षांपूर्वी समोरच्या घरात रंगवाला राहायचा. नाक्यावर त्याचं रंगाचं दुकान होतं. माणूस हसतमुख, सगळ्यांच्या अडीअडचणीला उभा राहणारा. बाहेरगावी जाताना तो बायकोला घरात कोंडून जायचा. गल्लीत हे लहानथोर सगळ्यांना माहीत होतं. त्या खेपेला तो चार दिवस गेला होता. चौथ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास तिने खिडकीतून मला हाक मारली. तीन वर्षांची मुलगी तापाने फणफणली होती, डोळे फिरवत होती. मी पिशवी घेऊन गेले आणि दहा मिनिटांत कुलूप उघडलं. मुलीला खांद्यावर टाकून आम्ही दोघी दवाखान्यात पळालो. मुलगी वाचली.

रंगवाला परत आला आणि त्याने तक्रार दिली की घर फोडलं, सोन्याची साखळी गेली. साखळी आजतागायत कोणाला सापडलेली नाही. मी हवालदाराला म्हटलं, बाईला कोंडून ठेवली होती त्याचं काय? तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "घर त्याचं, कुलूप त्याचं, बायको त्याची. तुमचं त्यात काय होतं, बाई?" पुढे कोर्टातही यापेक्षा वेगळं काही निघालं नाही, भाषा तेवढी जड होती.

गल्लीतल्या चौघांनी साक्ष दिली. ते खोटं बोलले नाहीत. मला कुलूप उघडताना पाहिलं, इतकंच त्यांनी सांगितलं. कुलूप कोणासाठी उघडलं, हे त्यांना कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची कोणाला गरज वाटली नाही. रंगवाल्याची बायको पिंजऱ्यात उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "मी झोपले होते. मी कोणाला बोलावलं नाही."

२. माझी हत्यारं, म्हणजे बाकावरचा व्हाइस, कानशी, छोट्या हातोड्या, कोऱ्या किल्ल्यांचे सहा डबे आणि किल्ली कापायचं यंत्र, पुलाखालच्या किल्लीवाल्याला द्यावीत. धंद्यात आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत आलो, आणि माझ्या पाठीमागे तो माझ्याबद्दल काय बोलतो तेही मला ठाऊक आहे. पण कोर्टाने त्याला जाणकार म्हणून बोलावलं तेव्हा तो कुलूप हातात घेऊन म्हणाला होता, "हे फोडलेलं नाही साहेब, उघडलेलं आहे. एक ओरखडा नाही." त्या खटल्यात माझ्या बाजूने एवढं एकच वाक्य बोललं गेलं. न्यायाधीशांनी त्यावरून निकालात लिहिलं की आरोपीचा हात सराईत आहे. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

ज्यांनी ते कुलूप उघडलं त्या तीन वाकड्या तारा आणि एक बारीक कानस सरकारजमा आहेत. ही हत्यारं माझ्या वडिलांची होती. शिक्षा संपल्यावर मी चार अर्ज केले. मुद्देमाल सापडत नाही, असं उत्तर आलं. चोरीला गेला का, असं मी तोंडी विचारलं, तर साहेबांना राग आला.

३. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याला आणि त्याच्या मुलांना माझ्या मिळकतीतलं काहीही देऊ नये. अकरा महिन्यांत दादा मला एकदाच भेटायला आला, तोही कागद घेऊन. वडिलांचं दुकान बंद पडून खराब होईल, सही कर, म्हणाला. मी केली. सुटून आले तर दुकानात झेरॉक्सवाला बसलेला. दादा म्हणाला, चोरीत सापडलेल्या बाईकडे किल्ल्या करायला कोण येईल, तूच सांग.

लोक येत होते. मागच्या दाराने येत होते. ज्या चौघांनी साक्ष दिली त्यातले तिघे किल्ली हरवली म्हणून माझ्याकडे येऊन गेले. कुलूप उघडून झाल्यावर, कोणाला सांगू नका हं, असं मलाच सांगून गेले.

दादाच्या घरी मी गेले की वहिनी कपाटाची किल्ली कमरेला लावायची. मला दिसू नये म्हणून पाठ वळवून लावायची. भाचीच्या लग्नाचं बोलावणं आलं ते, आत्या, पाहुणे गेल्यावर निवांत ये, असं. मी निवांत घरीच बसले. भाचीवर माझा राग नाही. तिला आशीर्वाद ठेवते, त्याला मुद्रांक लागत नाही.

४. तुरुंगात दुसऱ्याच महिन्यात बायकांच्या बराकीचं कुलूप अडकलं. अधीक्षकबाईंनी मला बोलावून घेतलं. मी ते दुरुस्त केलं, मग बाकीची सातही केली. तेल घातलं, जिभा घासल्या, एकदम बिनआवाज फिरायला लागली. त्यातल्याच एका कुलपाआड मला रोज संध्याकाळी बंद करत. सुटताना माझ्या कागदावर शेरा मिळाला, वर्तणूक उत्तम. बाईला बाहेर काढण्यासाठी कुलूप उघडलं ती घरफोडी. बायका आत राहाव्यात म्हणून कुलूप दुरुस्त केलं ती उत्तम वर्तणूक. मी सातवीपर्यंत शिकले, मला याहून जास्त कायदा कळत नाही.

सुटल्यावर सहा वर्षं दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी होती. ती संपल्यावरही आसपास कुठे चोरी झाली की पहिली विचारपूस माझ्याकडे. तरी माझ्या मृत्यूची खबर ठाण्यावर लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. नाहीतर पुढच्या चोरीला ते दार वाजवतील आणि इथे राहायला येणाऱ्यांना त्रास होईल.

५. आता जे कोणत्याच निकालपत्रात नाही ते लिहिते.

रंगवाल्याच्या दाराचं ते कुलूप माझ्याच दुकानातलं होतं. त्या प्रकाराच्या सव्वा वर्ष आधी तो आला आणि म्हणाला, असं कुलूप दे की बाहेरून लोकांना दिसायला नको, आणि आतूनही किल्लीशिवाय उघडायला नको. आत कोण असतं हे मला माहीत होतं. मी कुलूप दिलं. स्वतः जाऊन बसवलं. त्याच्या बायकोने मला चहा दिला आणि मी दाराला भोक पाडत होते तिथे ती बाजूला उभी राहून बघत होती. जाताना मी तिला म्हटलं, मजबूत आहे, काळजी नको.

मी केलेला गुन्हा तो. त्याला कलम नाही. त्याबद्दल मला कोणी पकडलं नाही, उलट रंगवाल्याने आणखी दोन गिऱ्हाइकं पाठवली. अकरा महिने मी मनात त्याचीच शिक्षा समजून काढले, नाहीतर डोकं फिरलं असतं.

६. राहतं घर, दोन खोल्या आणि मोरी. हे मी रंगवाल्याच्या बायकोला ठेवणार होते.

रंगवाला गेला, ते घर दिराकडे गेलं, आणि ती तिथेच स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात राहते. गेल्या महिन्यात ती प्रथमच माझा जिना चढून आली. तेहतीस वर्षं समोरासमोर राहून आम्ही बोललो नव्हतो. म्हणाली की कोर्टाच्या दिवशी मुलगी नवऱ्याने बाहेर दिराच्या कडेवर ठेवली होती, नीट बोललीस तर मुलगी मिळेल, असं तिला बजावलं होतं. हे मला साधारण माहीतच होतं. माहीत असून राग गेलेला नाही, आणि जाईल असं वाटतही नाही.

मी तिला सांगितलं की हे मृत्युपत्र मी लिहिते आहे, यात सगळं येणार आहे, आणि याला दोन साक्षीदार लागतात. माझ्या वकीलबाईंनी मला स्पष्ट केलं आहे की जो साक्षीदार होईल त्याला यातलं काही ठेवता येत नाही. म्हणून तिला विचारलं, खोल्या हव्यात की सही करतेस?

ती म्हणाली, "ताई, खोल्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. पण सही करते."

मी तिला माफ केलेलं नाही. सहीनंतरही करणार नाही. खोल्यांबद्दल वाईट वाटतं, एवढं मात्र खरं.

तेव्हा या दोन खोल्या तुरुंगातून सुटलेल्या आणि ज्यांना न्यायला घरचं कोणी आलं नाही अशा बायकांना राहायला द्याव्यात. बँकेतल्या शिलकेतून घरपट्टी आणि वीजबिल भरावं. कोणी काय केलं होतं, हे विचारू नये. दाराला साधी कडी लावावी, आतून. व्यवस्था वकीलबाईंनी पाहावी. संस्था काढू नये, पाटी लावू नये, माझा फोटो तर अजिबात लावू नये.

एवढंच माझ्या हाती होतं, ते वाटून झालं. वरचा प्रत्येक शब्द माझा आहे आणि मी तो पुन्हा वाचून पाहिला आहे.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: १९ ऑगस्ट २०२३, दुपारी साडेतीन

लिहून ठेवणार
(सही) किल्लीवाली

साक्षीदार १
(सही) गल्लीतल्या दवाखान्याचे डॉक्टर. यांनी माझ्यासमोर सही केली. प्रकृती क्षीण, बुद्धी शाबूत.

साक्षीदार २
मी रंगवाल्याची बायको, राहणार समोर. वकीलबाई म्हणतात नुसती सही पुरे, पण मला दोन ओळी लिहायच्या आहेत. त्या दुपारी मी जागी होते. हाक मीच मारली. माझी मुलगी आता छत्तीस वर्षांची आहे, तिला हे मी आज सकाळी तिच्या घरी जाऊन सांगितलं. तीच मला इथे सोडायला आली आहे. खाली गाडीत बसली आहे. वर चल म्हटलं, तर माझ्याकडे बघतसुद्धा नाही.
(सही)