बारा पट्ट्यांचा चेहरा

दादा, आज टॉकीजवर बोर्ड चढला. हातानं रंगवलेला. तुम्ही गेल्यापासून जुन्नरात एवढा मोठा चेहरा कुणी काढला नव्हता, आणि तो मी काढला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं बढाई मारत सांगायला मी मोकळी. तुम्ही म्हणायचात, या पोरीच्या पोटात काही म्हणून राहत नाही. एक गोष्ट मात्र राहिली आहे, इतकी वर्षं. तिच्यासाठीच खरं तर लिहायला बसले आहे, पण आधी बढाई.

तुम्ही फ्लेक्स पाहिला नाहीत. बरं झालं. तुमच्या पाठीमागं पाच-सहा वर्षांनी तो आला आणि चौकाचौकात लटकला. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचं हार्दिक अभिनंदन. पंचवीस चेहरे एका ओळीत, सगळे एका मापाचे, सगळे सारखेच गोरे, निम्म्यांच्या कानाला फोन. त्यातला हिरो कोण आणि व्हिलन कोण, काही पत्ता लागत नाही. टॉकीजवालेही छापील बोर्ड लावायला लागले. मी शाळांच्या भिंती रंगवल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं टाकली, डिंगोऱ्याच्या देवळात गरुड काढला, त्याची चोच जरा तुमच्या नाकासारखी झाली. ब्रश काही सुटला नाही. आणि गेल्या महिन्यात टॉकीजच्या मालकांचा मुलगा दारात आला. म्हणाला, "ताई, थेटर नवं केलंय, पण बोर्ड मला जुन्यासारखा पायजे. हाताचा." मी चहा टाकायला आत गेले आणि चुलीपाशी उभी राहून एकटीच हसले.

तुमचे नियम मला अजून पाठ आहेत. हाणामारीचा पिक्चर असला की हिरोचं अर्धं तोंड लाल, अर्धं निळं. व्हिलन हिरवट, वरच्या कोपऱ्यातून खाली बघणारा. विनोदी नट खाली, तोंड उघडं. आई सगळ्यात खाली, पांढऱ्या लुगड्यात, तळहाताएवढी, हात जोडलेली. अक्षरांचंही ठरलेलं. सुडाच्या पिक्चरची अक्षरं दगडासारखी तडकलेली, घरगुती पिक्चरची बांगडीसारखी गोल, देवाधर्माच्या पिक्चरला मागून किरणं. आणि नायिका? नायिका हिरोपेक्षा लहान, मान कलती, नजर हिरोकडं. मी एकदा विचारलं, असं का? तुम्ही म्हणालात, मढवरनं येणारी एस.टी. वळणावर जरा हळू होते, तेवढ्यात आतल्या माणसाला कळलं पाहिजे की रडायचं आहे, हसायचं आहे की मारामारी बघायची आहे. त्याला विचार करायला लावलं की गाडी पुढं गेली.

पण मासिकाचं मुखपृष्ठ वेगळं असतं, हेही तुम्हीच दाखवलंत. चौकातल्या केशकर्तनालयातून जुने सिनेमा-अंक आपण दोघं आणायचो, कातडीचे रंग जुळवायला. त्यावर नायिका एकटी. तिचं डोकं अंकाच्या नावावर चढलेलं, अर्धी अक्षरं केसांमागं गेलेली, आणि ती सरळ आपल्याकडं बघते. तुमचं म्हणणं, मासिक हातात असतं आणि बोर्ड डोक्यावर. हातातली बाई तुमच्याशी बोलते, डोक्यावरची बाई हिरोशी. मला ते पटायचं नाही, पण उलट बोलायची माझी काय बिशाद.

कारण चेहरे तुमचे आणि अक्षरं माझी, अशी वाटणी होती. आई चुलीवर सरस उकळायची आणि वासानं वैतागून म्हणायची, या घरात भाजीलासुद्धा रंगाचा वास लागतो. तो सरस मी बोर्डाच्या कापडाला लावायचे, वर पांढऱ्या रंगाचा हात द्यायचे, आकाश भरायचे, ज्वाळा काढायचे, नाव लिहायचे. चेहऱ्याला हात लावायचा नाही. एकदाच तुम्ही जेवायला बसलेले असताना मी कोपऱ्यातल्या आईची भुवई काढली. तुम्ही हात धुऊन आलात, टर्पेंटाइनचं फडकं घेतलंत आणि ती पुसलीत. म्हणालात, "चेहरा म्हंजी भाकरी न्हाई पोरी, करपली की दुसरी थापली." मला इतका राग आला होता दादा, की मी दोन दिवस तुमच्याशी फक्त हूं-हूं करत होते. मी एकोणीस वर्षांची होते. स्थळं यायला लागली होती. लग्न झालं की ब्रश सुटणार हे दिसत होतं, आणि त्याआधी मला एक चेहरा काढायचा होता. फक्त एक. दुसरं काही नको होतं.

आणि मग तुमच्या बोटाला नखुरडं झालं. उजव्या हाताचं पहिलं बोट, नेमकं मापाचं. तुमची पद्धत सगळ्या तालुक्यात कुणाची नव्हती. फोटोवर बोट आडवं ठेवत चौकटी आखायच्या, आणि फोटोवरच्या एका बोटाला बोर्डावर एक पट्टी. ती सागवानी पट्टी तुमच्या वितीएवढी, तुम्हीच तासलेली. तुमचं बोट, तुमची पट्टी, म्हणून हिशेब कधी चुकला नाही. त्या आठवड्यात पिक्चर होता एका बाईच्या सुडाचा. हिरोचं काम थोडं, पण बोर्डावर तो मोठाच येणार, नियम म्हणजे नियम. आपली ओसरी लहान, म्हणून बोर्ड चार तुकड्यांत व्हायचा, एका वेळी दोनच तुकडे जमिनीवर मावायचे. हिरोचे दोन तुम्ही बोट ठणकत असताना पुरे केलेत आणि ते टॉकीजवर गेले. नायिकेच्या वेळी बोट वांग्यासारखं सुजलं आणि अंगात ताप भरला. पिक्चर शुक्रवारी लागणार. तुम्ही आतल्या खोलीतून कण्हत म्हणालात, "तूच आख. मासिकावरनं घे. एका बोटाला एक पट्टी, ध्यानात ठेव." चेहरा काढायची परवानगी मला अशी मिळाली, घोंगडीतून.

मी आखलं. माझ्या बोटानं. ती मासिकावरची बाई सरळ बघत होती, मी तिला सरळ बघणारीच काढली, कारण मान वळवायची कशी ते मला येत नव्हतं. गुडघ्यांवर चालत मी तिच्या गालावरून फिरले, कपाळावर बसून भुवई काढली, ओठ काढताना आई दारात उभी राहिली आणि सरस उतू गेला तरी तिला कळलं नाही. तुम्ही आतून विचारलंत, बोटं नीट मोजलीस का? मी म्हटलं, हो मोजली. तुम्ही एकदा भिंतीला धरत येऊन बघूनही गेलात. पण पायाशी पसरलेल्या चेहऱ्याला माप नसतं, नुसता रंग असतो. म्हणालात, कातडी बरी उतरलीय.

शुक्रवारी सकाळी चारी तुकडे दोरांनी वर गेले आणि शेजारी शेजारी बसले, आणि खाली सगळे दोन पावलं मागं सरून बघायला लागले. दादा, ती हिरोपेक्षा मोठी होती. थोडीथोडकी नाही, चांगली पट्टीभर. तिचे केस बोर्डाच्या वरच्या काठाला टेकले होते. तिच्या शेजारी अर्धा लाल, अर्धा निळा हिरो म्हणजे शाळा चुकवून आलेलं पोरगं. आणि ती त्याच्याकडं बघतच नव्हती. ती एस.टी. स्टँडकडं बघत होती, सरळ. मालक म्हणाले, "पेंटर, ह्ये काय करून ठिवलं? हिरोवर पिक्चर चालतो, राव." तुम्ही माझा हात धरलात, माझं बोट तुमच्या सुजलेल्या नाही, डाव्या बोटाशेजारी ठेवलंत आणि बघत राहिलात. माझं बोट तुमच्यापेक्षा पाव हिश्श्यानं बारीक. फोटोवर बोटं जास्त बसली, आणि पट्टी मात्र तुमचीच. तुम्ही नऊ पट्ट्यांचा चेहरा धरून बसला होतात, हिरो अकराचा, आणि माझी बाई झाली बाराची. तुम्ही मालकांना म्हणालात, चूक माझी, पोरीला माझ्या बोटाचं सांगायचं राहिलं, उद्या उतरवून नवी करतो. मला तुमच्याकडं बघवेना.

पण तीनचा खेळ व्हायचा होता. बाजाराचा दिवस नव्हता, काही नव्हतं. पिंपरी पेंढारच्या गाडीतून चार बाया उतरल्या आणि जागच्या जागी थांबल्या. मग मढच्या गाडीतल्या. एरवी बाया टॉकीजसमोरून पदर सावरत झरझर निघून जायच्या, त्या दिवशी मान वर करून उभ्या. पश्चिमेकडची एक म्हातारी, डोक्यावर करवंदाची पाटी, मोठ्यानं म्हणाली, "ही बया आमच्याकडंच बगती गं. कायतरी सांगायचंय तिला." आणि पाटी डोअरकीपरच्या पायाशी ठेवून ती आत गेली. तिच्या मागं दुसरी, दुसरीच्या मागं सहा. सहाच्या खेळाला बायकांची बाजू भरली. शनिवारी पुरुषांना बाकांवरून उठवून मागं उभं केलं आणि बायांना बसवलं. असं आपल्या टॉकीजमध्ये कधी झालं नव्हतं. तुम्ही शिडी घेऊन बोर्ड उतरवायला गेलात, तेव्हा मालक स्वतः शिडीच्या आडवे उभे राहिले. म्हणाले, "पेंटर, हात लावू नका. लई चाललंय."

पिक्चर चार आठवडे चालला. मंचरच्या टॉकीजवाल्यांनी माणूस पाठवला, तसली समोर बघणारी बाई आम्हालाही पाहिजे, आणि ती मुलीनंच काढायची. घोडेगावहून निरोप आला. पण मला आठवतो तो दुसऱ्या सोमवारचा दिवस. तुमचं बोट जरा उतरलं होतं. तुम्ही शिडी चढलात. खाली उजव्या कोपऱ्यात तुमचं नाव असायचं, पिवळ्यात, काळी सावली. बाजारात सगळ्या दुकानांवर तेव्हा 'अँड सन्स' लिहायची पद्धत होती, आपणच ती रंगवायचो. तुम्ही तुमच्या नावाच्या पुढं लिहिलंत, 'आणि मुलगी'. खाली उतरलात आणि मला म्हणालात, अक्षर जरा वाकडं आलं, बोट दुखतंय. मी रडले नाही. मी शिडी घडी करून खांद्यावर घेतली आणि भर चौकातून घरी आले, लोकांनी बघावं म्हणून मुद्दाम लांबच्या रस्त्यानं. नंतर जो पाहुणा मला बघायला यायचा त्याला तुम्ही आधीच सांगायचात, पोरगी रंग सोडणार न्हाई, पटत असंल तर चहा घ्या. तिघे चहा न पिता गेले. चौथ्यानं दोन कप घेतले. तो आज सकाळी दोर ओढायला होता.

आजचा चेहरा तेरा पट्ट्यांचा आहे, माझ्या पट्टीनं. नायिकाच, समोर बघणारी. जुना डोअरकीपर आता काठी टेकत येतो, तो पोरांना सांगत होता, ह्या बाईच्या बापाच्या बोटाला नखुरडं झालं आणि चुकून असा बोर्ड झाला. तुम्हीही शेवटपर्यंत सगळ्यांना तेच सांगितलंत. आलेल्या-गेलेल्याला माझं बोट दाखवायचात, हसायचात, चूक आपल्या अंगावर घ्यायचात, आणि मी शेजारी उभी राहून मान डोलवायचे.

तर ती गोष्ट. मासिक आणायला आपण गेलो तेव्हा बोट नुसतं लाल झालं होतं. केशकर्तनालयाच्या बाकावर बसून तुम्ही ते त्या बाईच्या हनुवटीपासून वर ठेवत गेलात, सवयीनं, ओठ हलवत. मी शेजारी उभी होते आणि मनात तुमच्याबरोबर मोजत होते. नऊ. घरी येऊन मी आखलं तेव्हा बारा आले. मी पुन्हा मोजले, पुन्हा बारा. तुम्ही आत कण्हत होतात, मी हाक मारली असती तर एका शब्दाचं काम होतं. मी मारली नाही. चूक तुमची नव्हती, दादा. मी बाराच काढले.