मनोऱ्याची पाठ

३ मार्च
पालिकेची माणसं येऊन गेली. मनोरा म्हणे आता शहराचा वारसा झाला. त्याला पाठ लावून असलेलं घर, म्हणजे आमचंच, पाडणार. बदल्यात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. जेवण गेलं नाही.

४ मार्च
मुलगा म्हणतो, "बाबा, उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नका." सून तर गुणगुणत भांडी बांधायला बसली. अगं, अजून महिना आहे, म्हटलं. ऐकतंय कोण.

७ मार्च
पाटीवर मनोऱ्याचा इतिहास लिहायचा म्हणून एक बाई आल्या. आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं. तेव्हा इथे बंगला आणि बाग होती; मालकांनी गवंड्याला परदेशातल्या मनोऱ्याचं एक चित्र दिलं — हुबेहूब असंच हवं. त्याने पुढची बाजू उभी केली, वर घुमटी, रंगाने काढलेल्या खिडक्या, आणि हत्यारं आवरली.
"अरे, मागची बाजू?"
"चित्रात कुठाय, मालक?"
मालक पोट धरून हसले. बंगल्याच्या व्हरांड्यातून दिसतंय तेवढं पुरे, म्हणाले. मागची उघडी पोकळी माळ्याला, म्हणजे आजोबांना दिली. त्यांनी तीन भिंती घातल्या, वर पत्रे टाकले. बंगला गेला, बाग गेली. आता बसथांब्यालाही मनोऱ्याचं नाव आहे.
बाई म्हणाल्या, "काका, हे पाटीवर कसं लिहू?" नका लिहू, म्हटलं. मग दिवसभर चुटपुट — लिहा म्हणायला हवं होतं.

१० मार्च
सुनेचा खोकला वाढलाय. भिंतींना ओल. "तिकडे खिडकी आहे, बाबा. खरी," म्हणाली. मी फणकारलो, मला वारा सोसत नाही. असं बोलायला नको होतं.

१५ मार्च
पालिकेचा इंजिनिअर आला. भिंती ठोकून पाहिल्या. "मनोऱ्याला धड पाया नाही, काका. तुमच्या भिंतींच्या आधारावर उभाय. घर पाडता येणार नाही. राहायचं तर राहा, खोल्या हव्या तर त्या घ्या. घर तुमच्या नावावर, सही तुमची."
किती दिवसांनी पोटभर जेवलो. सून बांधलेली भांडी सोडून फळीवर लावत होती. मध्येच खोकत होती.

१६ मार्च
सकाळीच जाऊन खोल्यांसाठी सही करून आलो. सुनेला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटेल, खिडकीच्या त्या बोलण्यावर म्हातारा रागावून जातोय. कसं सांगावं, आता हीच काळजी.